घरातली रिकामी खोली भाड्याने देताना : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात, कोथरूडला एखाद्या आजींच्या मागच्या बेडरूममध्ये आयटीतली मुलगी राहते, लातूरला क्लासच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये घरटी एक विद्यार्थी सापडतो. यातली निम्मी घरं तोंडी बोलीवर चालतात. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. बिघडतं तेव्हा मात्र कागद नसलेला घरमालक आपल्याच घरात अडकतो.

खाली जे लिहिलं आहे ते तुम्ही स्वतः राहत असलेल्या घरातली खोली देण्याबद्दल आहे आणि महाराष्ट्रातल्या कायद्याप्रमाणे आहे. अख्खा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

स्वतःच्या राहत्या घरातली एकच खोली देता येते का? की पूर्ण घरच द्यावं लागतं?

एक खोली देता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये जागेच्या ‘भागाचा’ विचार केलेलाच आहे. प्रश्न येतो तो घर कोणाचं आहे यावर.

घर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर अडचण नाही. दोघा-तिघांच्या नावावर असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. भाऊ पुण्यात, बहीण नाशकात आणि वाडा अजून वडिलांच्या नावावर, अशी स्थिती असेल तर आधी ते निस्तरा, मग खोली.

तुम्ही स्वतःच भाडेकरू असाल, पागडीच्या जागेत असाल, तर मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणाला ठेवू नका. पोटभाडेकरू ठेवणं हे तुम्हालाच बाहेर काढण्याचं कायदेशीर कारण होऊ शकतं. म्हाडा, सिडको, एसआरए किंवा पंतप्रधान आवास योजनेतलं घर असेल तर वाटपपत्र काढून वाचा, त्यात भाड्याने देण्याबद्दलच्या अटी असतात. गृहकर्ज चालू असेल तर बँकेच्या मंजुरीपत्रातही असं एखादं कलम असतं. लोक ते सही करताना वाचत नाहीत, आता वाचा.

‘भाडेकरू’, ‘लिव्ह अँड लायसन्स’ आणि ‘पेइंग गेस्ट’ यांत नक्की फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

भाडेकरूला जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्सवर राहणाऱ्याला तसा हक्क मिळत नाही, त्याला फक्त ठराविक काळ तिथे राहायची परवानगी असते. ही व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. आणि पेइंग गेस्ट म्हणजे, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७ मधल्या व्याख्येप्रमाणे, परवानगी देणारा स्वतः ज्या जागेत राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला वापरायला दिला आहे असा, कुटुंबाबाहेरचा माणूस. म्हणजे तुमच्या घरात राहायला आलेली मुलगी कायद्याच्या भाषेत पेइंग गेस्ट. तिला डबा तुम्ही देता की नाही, याचा इथे संबंध नाही.

आता गोम अशी की त्याच कायद्यात ‘लायसेन्सी’च्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलं आहे. मुदत संपल्यावर जागा लवकर परत मिळवून देणारं जे कलम २४ आहे, ते लायसेन्सीसाठी आहे. त्यामुळे कागदावर नुसतं ‘पेइंग गेस्ट’ लिहिलं की कलम २४ चा मार्ग आपोआप उघडतो, असं धरून चालू नका. रीतसर लिव्ह अँड लायसन्सचा करार करा, त्यात कोणती खोली दिली ते लिहा, घरात तुम्हीही राहता हे लिहा, आणि तो नोंदवा.

शब्दांपेक्षा वागणूक मोठी, हेही ध्यानात ठेवा. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा दोघांचा मूळ हेतू काय होता आणि जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता, ते पाहायचं. खोलीला बाहेरून स्वतंत्र दार, स्वतंत्र मीटर, किल्ली फक्त राहणाऱ्याकडे आणि तुम्हाला आत पाऊल टाकायची सोय नाही, असं असेल तर उद्या तो ‘मी भाडेकरू आहे’ म्हणायला मोकळा. एक किल्ली स्वतःकडे ठेवा आणि तसं करारात लिहा. याचा अर्थ ती कामावर गेल्यावर तिचं कपाट उघडून बघायचं असा नाही. आत जायचं तर सांगून जायचं, हेही त्याच करारात लिहा.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘ठेवला की तो कायमचा बसतो.’ खरं आहे का?

त्यांची भीती हवेतली नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांची लायसन्स चालू होती त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती करून संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला गेला. महिन्याभरासाठी म्हणून ठेवलेली माणसं मुंबई-पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती यातून. तुमच्या सासऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आज चित्र वेगळं आहे. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि नव्याने लायसन्सवर ठेवलेल्यांना तसा दर्जा मिळत नाही. मात्र त्यासाठी करार लेखी आणि नोंदलेला हवा. सासऱ्यांना नकार द्यायला कारण हवं असेल तर दुसरं शोधावं लागेल.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही ना?

लागते. हा गैरसमज इतका पक्का आहे की एजंटसुद्धा छातीठोकपणे सांगतात.

नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वेगळं सांगतं : भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मोठी गोष्ट त्याच कलमात पुढे आहे. नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली, याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरलं जातं; खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. तो म्हणाला भाडं आठ नाही पाच हजार ठरलं होतं, तर कागद शोधायची पाळी तुमची.

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलंय. चालेल?

नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

ओळखीतल्यांचा मुलगा आहे. त्याच्याकडे करार मागायचा म्हणजे वाईट दिसतं.

दिसू दे. बहिणीच्या नणंदेचा मुलगा असला तरी करार करा. उलट, ओळखीतल्या माणसाला ‘आता खोली सोड’ म्हणणं जास्त अवघड जातं; तेव्हा कागदावरची तारीखच तुमच्या वतीने बोलते. ‘सोसायटीला कॉपी द्यावी लागते हो’ असं म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. सोसायटीवर ढकलण्यासारख्या ज्या थोड्या गोष्टी असतात त्यातली ही एक.

नोंदणी कुठे होते? खर्च किती?

दोन रस्ते आहेत. दोघांनी दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करायचं. ऑनलाइनसाठी दोघांचं आधार, पॅन, वेबकॅमेरा आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र लागतं. यंत्र घरी कोणाकडे असणार, म्हणून लोक अधिकृत सेवा पुरवठादाराला बोलावतात. तो लॅपटॉप घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. मिळकतीचा पुरावा म्हणून सूची क्रमांक दोन (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, ‘इंडेक्स टू’), मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल काढून ठेवा. दोन साक्षीदारही सांगून ठेवा.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. उदाहरणार्थ, भाडं ८,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००, मुदत ११ महिने. भाडं झालं ८८,०००. डिपॉझिटवरचं ११ महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज ९०,७५०, त्याचे पाव टक्का म्हणजे साधारण २२७ रुपये. शुल्क भरताना रक्कम पूर्णांकात धरली जाते, त्यामुळे चलनावर आकडा थोडा वर दिसेल. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन दस्तासाठी हाताळणी शुल्क वेगळं. खर्च कोणी करायचा हे दोघांत ठरवा, बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा होतो.

आता खरी अडचण. घरमालकीण सत्तरीच्या पुढची असते आणि जन्मभर भांडी घासून, भाकरी थापून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा, पुन्हा ठेवला की पुन्हा लाल. अशा वेळी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, काचेवर बोट घट्ट न दाबता नुसतं टेकवायचं, आणि अंगठा सोडून दुसरी बोटं वापरून पाहायची. अनामिका पुष्कळदा चालून जाते. तरीही नाही झालं तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करा, किंवा आधी आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या. ‘आजींच्या ऐवजी माझा अंगठा घ्या’ असं सुचवणारा नातू प्रत्येक घरात असतो. त्याला गप्प बसवा.

करारात काय काय लिहावं?

भाडं, डिपॉझिट, मुदत, नोटिशीचा काळ हे छापील मसुद्यात असतंच. एका छपराखाली राहायचं असेल तर भांडणं त्यावरून होत नाहीत. ती होतात गिझरवरून.

म्हणून हे लिहा : खोलीत काय काय दिलंय (पलंग, गादी, कपाट, पंखा, टेबल, एसी असेल तर कोणत्या कंपनीचा). बाथरूम सामाईक की स्वतंत्र. स्वयंपाकघर वापरायचं का. वापरायचं तर चहापुरतं, की दोन्ही वेळचं. फ्रिजमध्ये जागा कोणती. वॉशिंग मशीन आठवड्यातून किती वेळा. वीजबिलाचा हिस्सा कसा काढायचा. एसी असेल तर त्याला वेगळा मीटर लावून त्याच्या युनिटप्रमाणे घेणं सगळ्यात सोपं. दुचाकी कुठे लावायची. पाहुणे रात्री राहणार का. घरात मांसाहार चालत नसेल तर ते आधीच आणि स्पष्ट लिहा, नंतर डब्याचा वास घेत बसू नका.

नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची ठेवतात. ‘लॉक-इन’ घालायचा असेल तर तोही लिहा, म्हणजे पहिले तीन-चार महिने कोणी सोडू नये. माझं मत विचाराल तर राहत्या घरात लॉक-इन नसलेलाच बरा. पटत नसलेल्या माणसाबरोबर एक दिवसही जास्त काढायची हौस कोणाला असते?

डिपॉझिट किती घेता येतं? दोन महिन्यांहून जास्त घेतलं तर बेकायदा ना?

दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यातली आहे. तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. एका खोलीसाठी दोन-तीन महिन्यांचं भाडं घेणं रास्त. बँकेतून घ्या आणि परत करतानाही बँकेतूनच करा.

भाडेवाढीचंही तसंच. वर्षाला ४ टक्के हा जुन्या भाडेकरूंसाठीचा नियम आहे. लायसन्सवर राहणाऱ्याची वाढ करारात ठरेल तितकी.

पोलिसांना कळवावं लागतं का?

हो, आणि हे घरमालकाचं काम. पुणे, मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी तसे आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ प्रमाणे गुन्हा दाखल होऊ शकतो : सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

काम अगदी छोटं आहे. पोलिसांच्या संकेतस्थळावर फॉर्म असतो : राहणाऱ्याचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, कामाचं किंवा कॉलेजचं ठिकाण, ओळखणाऱ्या दोघांची नावं. भरल्यावर मिळणारी पोच जपून ठेवा. ही फक्त माहिती देणं आहे. ‘माणूस चांगला आहे’ असं प्रमाणपत्र पोलीस देत नाहीत. ती चौकशी तुम्हीच करायची, आधीच्या घरमालकाला एक फोन करून.

परदेशी विद्यार्थी ठेवला तर?

तो घरी आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन माहिती द्यावी लागते. लोक याला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. हे हॉटेलांपुरतं नाही, खासगी घरालाही लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ठेवा, व्हिसाची मुदत करारापेक्षा आधी संपत नाही ना ते पाहा.

सोसायटीची परवानगी लागते का?

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी सहकार खात्याने काढलेल्या नमुना नियमांप्रमाणे, परवानगी लागत नाही, पूर्वसूचना लागते. सदनिका किंवा तिचा भाग लिव्ह अँड लायसन्सवर देताना आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं आणि सोबत नोंदलेल्या कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते एकदा पाहून घ्या. काही जुन्या सोसायट्या अजून जुन्याच उपविधींवर चालतात आणि त्यात परवानगीची अट असते.

पत्राची पोच घ्या. सेक्रेटरी जिन्यात भेटले, ‘कळवलं हो तुम्हाला’ म्हटलं, ते ‘बरं बरं’ म्हणाले, याला कळवणं म्हणत नाहीत.

सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागते. द्यायचं?

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात ते हेच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के ठरवली आहे, आणि सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. महिन्याचं सेवा शुल्क १,५०० असेल तर जास्तीत जास्त १५०. भाड्याच्या टक्केवारीत मागत असतील तर सरळ नकार द्या.

तुमच्या बाबतीत मुद्दा आणखी पुढचा आहे. हे शुल्क सभासद स्वतः राहत नाही म्हणून असतं. तुम्ही तिथेच राहताय, दूध तुमच्याच दारात येतंय, मग ‘बिनभोगवटा’ कुठला? समितीला हे लेखी विचारा. पाण्याचा वापर वाढला म्हणून माणशी काही जास्त मागत असतील आणि तो नियम सर्वांना सारखा असेल, तर ते वेगळं; तेवढं देऊन टाका. नाहीच जमलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. मात्र १५० रुपयांसाठी वर्षभर शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

‘बॅचलर चालणार नाहीत’ असा ठराव सोसायटीने केलाय.

राहणारा विवाहित असावा असं कोणताही कायदा म्हणत नाही, आदर्श उपविधींतही तशी अट नाही. सर्वसाधारण सभेने केलेला ठराव उपविधींच्या वर जात नाही. समितीला ठरावाचा आधार लेखी मागा. तो आला नाही तर प्रश्न तिथेच संपतो. दंगा, मोठ्याने गाणी, लिफ्टमध्ये सिगारेट, यावर मात्र सोसायटी नियम करू शकते आणि ते अविवाहितांइतकेच तुमच्या घरच्यांनाही लागू.

भाड्यावर प्राप्तिकर लागतो का? रोख घेतलं तर कोणाला कळतंय?

कळतं. राहणारा नोकरी करत असेल आणि वर्षाला एक लाखाहून जास्त भाडं दाखवून घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असेल, तर कंपनी त्याच्याकडे तुमचा पॅन मागते. शिवाय नोंदलेल्या करारात दोघांचे पॅन असतात. ‘पॅन देणार नाही’ म्हणणारे घरमालक स्वतःचंच संशयास्पद चित्र उभं करतात.

आणि कर तितका लागतही नाही. भाडं ‘घर मालमत्तेपासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचं. त्यातून त्या खोलीच्या हिश्शाचा मालमत्ता कर वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट. पावत्या दाखवायची गरज नाही. भाडं वर्षाचं ९६,०००, घराचा मालमत्ता कर १२,००० आणि खोलीचा हिस्सा पाव धरला तर ३,००० वजा होऊन ९३,०००; त्याचे ३० टक्के २७,९००; करपात्र उरले ६५,१००. निवृत्त माणसाचं पेन्शन, व्याज आणि हे धरून उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत कर शून्य येतो. विवरणपत्र मात्र भरायचं. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ३० टक्क्यांची वजावट तीच आहे.

जेवणाचे पैसे घेत असाल तर ते भाड्यात मिसळू नका. भाडं वेगळं, जेवण वेगळं, पावत्याही वेगळ्या. जेवणाच्या पैशांवर ही ३० टक्क्यांची वजावट मिळत नाही.

मालमत्ता कर वाढतो का?

वाढू शकतो. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला निवासी मिळकतीवर ४० टक्के सवलत देते. घराचा भाग भाड्याने दिल्यावर ती आकारणी बदलू शकते, म्हणून खोली देण्याआधी कर संकलन कार्यालयात विचारून या. आणि चार खोल्यांत दहा कॉट टाकल्या की ते घर राहत नाही, वसतिगृह होतं. मग पालिका, अग्निशमन, वीज कंपनी, सोसायटी सगळेच दारात येतात. या लेखातली उत्तरं तिथे उपयोगाची नाहीत.

राहणाऱ्याने आमच्या पत्त्यावर आधार, मतदार कार्ड केलं तर घरावर हक्क सांगेल का?

नाही. पत्त्याचा पुरावा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. त्याला बँकेच्या खात्यासाठी, गॅससाठी पत्ता लागतोच. नोंदलेला करार तो पुरावा म्हणून दाखवू शकतो आणि त्यात वावगं काही नाही.

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ हेही अर्धवट ऐकलेलं असतं. मुदत अधिनियम, १९६३ मधली बारा वर्षं ही मालकाच्या विरोधात, मालकीचा दावा सांगत उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी आहेत. तुमच्या परवानगीने, भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा विरोधी होत नाही.

मुलगी सतरा वर्षांची आहे, अकरावीला. करार तिच्याशी करायचा?

नाही. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने निरर्थक. करार आई किंवा वडिलांशी करा आणि राहणार कोण ते त्यात लिहा. रात्री उशीर झाला, आजारी पडली तर फोन कोणाला, डॉक्टरकडे न्यायची संमती आहे का, हेही एका कागदावर पालकांकडून घ्या.

घर मुलाच्या नावावर आहे, तो अमेरिकेत. आम्ही दोघं इथे राहतो. आम्ही सही करू शकतो?

त्याने कुलमुखत्यारपत्र दिलं असेल तरच. तिथल्या भारतीय वकिलातीत ते साक्षांकित करून पाठवायचं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. भाडं मालक म्हणून मुलाचं उत्पन्न ठरतं आणि मालक अनिवासी असल्याने राहणाऱ्याने कर कापून भरायला हवा, उपकर धरून ३१.२ टक्के, भाडं कितीही लहान असलं तरी. आठ हजारांच्या खोलीसाठी विद्यार्थी हे करणार नाही. आधी सीएशी बोला.

मुदत संपली तरी जात नाही. सामान बाहेर ठेवू? पाणी तोडू?

दोन्ही करू नका. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं यातून तक्रारदाराचे तुम्ही आरोपी होता.

नोंदलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यांकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे) अर्ज करा. तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. समोरच्याला बाजू मांडायलाही आधी परवानगी मागावी लागते, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. हा दुप्पट दराचा मुद्दा नोटिशीत ठळक लिहा, बऱ्याच जणांचं सामान तेवढ्यावर हलतं. मुदत संपल्यावर भाडं घेत राहिलात तर मात्र तुम्हीच तुमची बाजू पातळ करता. ठेवायचं असेल तर नवा करार, नाहीतर स्वीकारलेली रक्कम नुकसानभरपाई म्हणून आहे असं लेखी कळवा.

पर्यटकांना दोन-दोन दिवसांसाठी खोली दिली तर?

तो वेगळा विषय. दापोली, मालवणकडे घरात पाहुणे उतरवायचे तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते. शहरातल्या सोसायटीत रोज नवा चेहरा लिफ्टमध्ये दिसला तर वरची सगळी कागदपत्रं असूनही वाद होणार.

खोली सोडताना डिपॉझिटमधून काय कापता येतं?

थकलेलं भाडं, विजेचा हिस्सा, आणि मोडतोड. वापराने होणारी झीज कापायची नाही. भिंतीचा रंग वर्षभरात मळतोच, तो मालकाचा खर्च. भिंतीत ड्रिलने पाडलेली भोकं राहणाऱ्याचा. ती राहायला आली त्या दिवशी मोबाइलवर खोलीचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवलेले असतील तर हा हिशेब पाच मिनिटांत होतो. किल्ल्या मोजून घ्या, शेवटच्या वीजबिलाचा आकडा ठरवा, उरलेली रक्कम त्याच दिवशी खात्यात टाका आणि ‘खोली रिकामी मिळाली, डिपॉझिट परत दिलं’ अशा दोन ओळींवर दोघांच्या सह्या घ्या. मुदतीआधी सोडलं असेल तर सोसायटीला आणि पोलीस ठाण्यालाही कळवा.